चित्राचा सातबारा

कोंकणांत जमीन कोणा एकाच्या नांवावर असते. तिच्यावरील आंब्याची सावली मात्र वाटेनें जाणाऱ्या कोणासही मिळते. आमचें चित्र 'एन्. एफ्. टी.' म्हणून विकलें गेल्याचें ऐकून रत्नागिरींतील जे स्नेही 'म्हणजे नेमकें विकलें तरी काय?' असें विचारतात, त्यांस आम्ही हाच दाखला देतों. चित्र कोणींही पाहावें, उतरवूनही घ्यावें. विकली जाते ती सातबाऱ्यावरची नोंद. फरक इतकाच कीं, ही नोंद तलाठ्याच्या दप्तरांत नसून जगभरच्या हजारों संगणकांवर एकाच वेळीं राखलेल्या वहींत असते, आणि एकदां चढल्यावर ती खोडणें जवळजवळ अशक्य असतें.

राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, तेव्हां मूळ चित्र वाड्यांत राहिलें व प्रत गरिबाच्या भिंतीवर आली. पडद्यावर काढलेल्या चित्रांत मूळ आणि प्रत हा भेदच उरत नाहीं. म्हणून तो वहींत उत्पन्न करावा लागतो. ११ मार्च २०२१ रोजीं क्रिस्टीज् या लिलावगृहांत बीपल नांवाच्या अमेरिकन चित्रकाराची अशी एक नोंद सुमारें ६ कोटी ९३ लाख डॉलरांस गेली. घेणारे विघ्नेश सुंदरेशन हे सिंगापुरांत राहणारे तमिळ गृहस्थ. ती वार्ता वाचून गांवोगांवच्या चित्रकारांची झोंप उडाली, त्यांत आम्हीही होतों.

लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या व आंब्याच्या पेट्यांवरील चित्रें यांवर आमचा चरितार्थ चालतो. जानेवारी २०२२ मध्यें मांडवीच्या धक्क्यावरील पावसाचें एक चित्र आम्हीं नोंदविलें. नोंदणीचाच खर्च चार हजार रुपये! त्यास 'गॅस' म्हणतात, आणि त्याचा भाव घटकेघटकेस बदलतो; अमेरिका झोपली कीं तो उतरतो, म्हणून आमचा मुहूर्त भर दुपारचा. पुढें तीन महिने शुकशुकाट. एप्रिलच्या अखेरीस ०.०४ इथरला, म्हणजे सुमारें नऊ हजार रुपयांस, तें गेलें. घेणाऱ्याचें नांव नाहीं, गांव नाहीं. 'शून्य-एक्स'नें सुरू होणारी बेचाळीस अक्षरांची एक माळ तेवढी दिसली. आमचें चित्र त्यास आवडलें कीं नुसतें स्वस्त वाटलें, हें आजतागायत कळलेलें नाहीं. पाटी रंगविल्यावर दुकानदार निदान तिच्यासमोर उभा राहून रंग फिका झाला म्हणून कुरकुर तरी करतो.

एका बँकेचे खुलासे पुरे होईपर्यंत जून उजाडला, आणि त्या नऊ हजारांचे साडेतीन हजार झाले. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून अशा उत्पन्नावर शेंकडा तीस कर, आणि त्यांतून खरेदीकिंमतीवांचून दुसरा खर्च वजा होत नाहीं. स्वतःच्या बोटांनीं काढलेल्या चित्राची खरेदीकिंमत काय लिहावी, हें आमच्या हिशेबनीसासही सुचेना.

तथापि एका गोष्टीनें आम्हांस या धंद्यांत धरून ठेविलें. ऑगस्टांत तेंच चित्र पुनः विकलें गेलें, आणि ठरल्याप्रमाणें शेंकडा दहाचा वांटा आपोआप आमच्या खात्यांत पडला. रक्कम अकराशें रुपयांची. पण ती मागावी लागली नव्हती. आपल्याकडील १९५७ च्या लेखाधिकार कायद्यांत ५३अ हें कलम आहे. मूळ चित्र दहा हजारांवर पुनः विकलें गेल्यास चित्रकारास वांटा मिळावा, असें तें सांगतें. त्या कलमाखालीं पैसा हातीं पडलेला चित्रकार मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. कायद्यास जें साधलें नाहीं तें यंत्रानें साधलें, असें आम्ही वर्षभर म्हणत होतों. पुढें २०२३ सालीं मोठमोठ्या बाजारांनीं हा वांटा विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडला, आणि मर्जी कोणाची झालेली दिसली नाहीं.

त्याच सुमारास आमचें चित्र दुसऱ्याच एकानें आपलें म्हणून नोंदविलेलें आढळलें. वहींतील तारीख खरी, वेळ खरी, किंमत खरी. चित्रकार तेवढा खोटा. वही नोंद सांभाळते, नोंदविणारा पारखीत नाहीं. हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी परप्रांतीच्या आंब्यावर 'रत्नागिरी' लिहिलेली पेटी बाजारांत दिसावयाची थांबली नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. तक्रारीनंतर तें चित्र दुकानांतून उतरविण्यांत आलें. नोंद वहींत आहे तशीच आहे.

अजून आमचीं तीन चित्रें विकावयाचीं आहेत. त्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते हरवले तर कोणत्याही कचेरींत अर्ज चालत नाहीं, आणि आमच्या मागें मुलांच्या नांवें वारस-नोंद करणारा तलाठीही तेथें नाहीं. म्हणून ते कागदावर लिहून, कोंकणच्या दमट हवेनें बुरशी धरूं नये यासाठीं बिस्किटांच्या डब्यांत, वडिलोपार्जित कलमांच्या सातबाऱ्याबरोबर कपाटांत ठेविले आहेत. कोणता कागद कशाचा, हें मुलांस सांगून ठेविलें आहे.