ओढणं आणि आवरणं

अंजनवेल, ता. गुहागर, जि. रत्नागिरी

चि. भाचेबुवांस,


तुझे फोटो मिळाले. ट्रेलरमधला ओटा, फ्रीज, मुलांचे वरखाली पलंग, चिमुकलं न्हाणीघर, सगळं तुझ्या मामीने दोनदोनदा बघितलं आणि खालच्या वाडीत दाखवूनही आली. मी मात्र एकाच फोटोवर अडकलो. पिकअपपाशी मुलं उभी आहेत, ड्रायव्हरचं दार उघडं आहे आणि दाराच्या खांबावर एक पिवळं-पांढरं स्टिकर दिसतंय. फोटो मोठा करकरून ते वाचलं. माणसं आणि सामान मिळून ६८९ किलो, म्हणजे १,५२० पौंड, याच्या वर वजन कधीही जाऊ देऊ नये, असं त्यावर छापलंय. तुला जे विचारायचंय त्याचं उत्तर तिथेच आहे.

तू लिहितोस, पिकअपची ओढायची क्षमता ९,५०० पौंड, ट्रेलर भरून जास्तीत जास्त ७,५०० पौंड, म्हणजे दोन हजार पौंड हाताशी राहतात. विकणारा म्हणाला, डोळे मिटून न्या. आणि वर विचारतोस, "मामा, तू जन्मभर गाड्या पास केल्यास, तुझं काय मत?"

माझं मत असं, की डोळे उघडे ठेवून आधी एक बेरीज कर. त्याने सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो फक्त ओढण्याचा आहे. ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो तुझ्या गाडीच्या शेपटीवर बसतोही. ट्रेलर जिथे जोडतात त्या हिचच्या बॉलवर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यावा लागतो. आपण तेरा धरू. ७,५०० चे तेरा टक्के ९७५. हिचचा लोखंडी सांगाडा ८० धर. तू, सूनबाई आणि दोन मुलं मिळून ४६०. झाले १,५१५. उरले पाच पौंड, म्हणजे दोन किलो तांदूळ आणि वर मूठभर डाळ. यात सायकली नाहीत, बर्फाची पेटी नाही, शेकोटीची लाकडं नाहीत, आणि जुलैत तुमच्याकडे येणारी ताई तर नाहीच नाही. ओढायच्या हिशेबात तुझे दोन हजार पौंड शिल्लक आहेत आणि पेलायच्या हिशेबात माझी बहीण गाडीत बसत नाही!

तू म्हणशील, माहितीपत्रकात बॉलवरचा भार ६५० च दिलाय. तो कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचा. टाकीत पाणी नाही, कपाटात भांडी नाहीत, बहुधा बॅटरीही मोजलेली नाही. पाणी म्हणजे गॅलनला साधारण ८.३ पौंड. चाळीस गॅलनची टाकी भरलीस की ट्रेलरचे ३३० पौंड तिथेच वाढले. आणि स्टिकरवरचे १,५२० सुद्धा गाडी कारखान्याबाहेर पडली तेव्हाचे. नंतर तू पायऱ्या लावल्यास, मागच्या हौद्यावर झाकण बसवलंस, ते सगळं त्यातूनच वजा होतं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या नोकरीत मी हेच गणित उसाच्या रूपात पाहिलं. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, मोळ्या बाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या की मागची लाल काच दिसायची नाही. ड्रायव्हरला थांबवलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, ट्रॅक्टर खेचतोय की!" खेचायचाच. ट्रॅक्टरची घडणच नांगर खेचायला झालेली. सपाटीवर तो पहिल्या गिअरमध्ये डोंगरही हलवेल. पण चढावर मागचं ओझं हुकावर बसलं की त्याची पुढची चाकं जमिनीवर नीट टेकत नाहीत. स्टिअरिंग हातात असतं आणि ऐकणारं कोणी नसतं. आणि उतारावर, जिथे खेचायचं काहीच नाही, तिथे ट्रॉल्या मालक होतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसायचे. ट्रॅक्टर थांबायला बघतो, मागचे टनावारी ढकलतात, मधली ट्रॉली आडवी येते. पंचनाम्यात मग 'ताबा सुटल्याने' असं लिहिलं जातं. मुळात ताबा होता कधी, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही.

तुझ्या पिकअपचंही तसंच होईल, फक्त जरा सभ्यपणे. मागचा भाग दबेल, पुढचा उचलेल, रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाईल आणि पावसात स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं लागेल. हलकं लागलं की लोकांना बरं वाटतं! भार वाटून देणारी हिच मिळते, तिचे स्प्रिंगचे दांडे ताणले की थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या आसावर परत जातं. ती जरूर घे. पण तिच्यामुळे दारावरचा आकडा वाढत नाही. हे विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

मग बॉलवर भार कमी करू का, सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकू का, हा पुढचा प्रश्न तुझ्या डोक्यात येणारच. तेवढं मात्र करू नकोस. तुझ्या आजोबांची बैलगाडी तू पाहिली नाहीस. भात भरताना ते दर चार भाऱ्यांनी जू हाताने उचलून बघायचे. गाडी धुरजड झाली तर बैलांच्या मानेवर येते. उलाळ झाली तर जू वर जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. थोडी धुरजड गाडी चालेल, उलाळ अजिबात नको, असा त्यांचा नियम होता. तुझ्या ट्रेलरलाही तोच लागू. दहा टक्क्यांच्या खाली आलास की ताशी साठ मैलांवर शेजारून मोठा ट्रक गेला तरी ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, तळाशी ठेव. सायकलींचा स्टँड मागच्या बंपरवर लावलेला दिसतोय, तो आधी काढ. आसापासून इतक्या लांब टांगलेलं थोडंसं वजनही बॉलवरचा भार बराच उचलतं.

डोलायला लागलाच तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढ, स्टिअरिंग सरळ धरून ठेव आणि पिकअपचा ब्रेक दाबू नकोस. ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकचा जो छोटा कंट्रोलर स्टिअरिंगजवळ असतो, त्याची कळ हाताने दाब. मागचा ट्रेलर आधी थांबायला लागला की दोघं परत एका रेषेत येतात. तुमच्याकडे बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमच्या उसाच्या रस्त्यांवर एवढी एक गोष्ट असती तर माझे बरेच पंचनामे वाचले असते.

आता डोंगराचं. तुम्ही डेन्व्हरहून पश्चिमेला जाणार, म्हणजे आयसेनहॉवर बोगदा आला. ११,१५८ फूट. ओढण्याचे जे आकडे कंपन्या छापतात ते अलीकडे बहुतेक एकाच ठरलेल्या चाचणीने काढतात: अॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा साडेअकरा मैलांचा चढ, भर उन्हाळ्यात एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा आणि साध्या पिकअपने ताशी चाळीस मैलांच्या खाली यायचं नाही. गाडीत माणसं दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. चाचणी कडक आहे, मला आवडली. पण तो चढ संपतो तिथली उंची साडेतीन हजार फुटांच्या आसपास. तुझं घरच ५,२८० फुटांवर आहे! टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ एक तृतीयांश गेली. तुझी गाडी टर्बोची असेल तर तोटा बराच कमी. ती दोन दीडशे पौंडी माणसं कोण, हेही एकदा आरशात बघ.

तरी चढाची मला काळजी नाही. चढावर गाडी फार तर रडत चालते. बोगद्यापलीकडचा सिल्व्हरथॉर्नकडे उतरणारा सात टक्क्यांचा उतार, तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ करून ठेवलेत, ते उगाच नाहीत. आमच्याकडे कुंभार्ली घाट उतरताना जुने ड्रायव्हर नवख्याला एकच गोष्ट बजावायचे: ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. पायथ्याच्या पोफळीपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्याच्या चाकांचा वास आधी पोचायचा, मग गाडी. ब्रेक दाबून ठेवले की तापतात, तापले की लागत नाहीत. पिकअपला आता ऑटोमॅटिक गिअर असले तरी खालचा गिअर धरून ठेवणारं टो-हॉलचं बटण असतं, ते उतार सुरू व्हायच्या आधी दाब. वेग वाढलाच तर ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून वेग खाली आण आणि पाय पूर्ण सोड, म्हणजे ते थंड व्हायला सवड मिळेल. ट्रेलरच्या टायरवर वेगाची मर्यादा छापलेली नसेल तर ताशी ६५ मैल हीच मर्यादा समज, रस्त्यावरची पाटी पंचाहत्तर म्हणत असली तरी.

हे सगळं मी कागदावर मांडतोय, पण खरं वजन कागदावर कळत नाही. काट्यावर जा. इकडे साखर कारखान्याच्या काट्याचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या येतात; काटा मारल्याची तक्रार झाली नाही असा हंगाम मला आठवत नाही. तुमच्या हायवेवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात, तिथे कोणाला काटा मारायचं कारण नाही आणि पैसेही किरकोळ लागतात. निघायच्या दिवशी जसे जाणार तसेच जा: पाणी भरलेलं, मुलं बसलेली, ताई आली असेल तर ताई. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर अशी वेगवेगळी वजनं छापून मिळतात. हिचचे दांडे सैल सोडून एकदा वजन घे, मग ट्रेलर बाजूला लावून नुसत्या पिकअपचं, तीच माणसं आत ठेवून. पिकअपच्या दोन्ही आसांची बेरीज पहिल्यांदा जितकी जास्त तेवढा बॉलवरचा भार. नंतर दांडे ताणून तिसऱ्यांदा, म्हणजे रस्त्यावर प्रत्येक आसावर काय पडणार ते कळेल. प्रत्येक आसाची मर्यादा दारावरच आहे, दोन्ही वाहनं मिळून किती चालेल ते पुस्तकात. इथे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा वजनाला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. तुमच्याकडे घरच्या ट्रेलरला कोणी सहसा काट्यावर बोलावत नाही. म्हणून आपणच जायचं.

आकडे बसले नाहीत तर काय, हे तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. पाणी मुक्कामी पोचल्यावर भर. लाकडं तिथेच विकत घे. तेवढ्याने भागलं नाही तर ताई आणि सूनबाई दुसऱ्या गाडीने येऊ देत, किंवा हा ट्रेलर देऊन पाच हजार पौंडांचा घे. पिकअप मोठी घ्यायचा सल्ला मी देणार नाही. मोठी घेतलीस की तू त्याहून मोठा ट्रेलर बघायला जाशील, तुझा स्वभाव मी ओळखतो.

शेवटचा तुझा प्रश्न, असा ट्रेलर कोकणात चालेल का. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. एकसंध गाडी, जिच्यात इंजिन आणि पलंग एकाच सांगाड्यावर, ती इकडे जमेल. मागे जोडलेला तुझ्यासारखा ट्रेलर गुहागरहून इथवर कसाबसा येईलही, पण गोपाळगडाखालच्या उतरणीला समोरून एसटी आली की तुला मागे घ्यावं लागेल, आणि ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं हे एसटीच्या ड्रायव्हरला थांबून बघायला फार आवडेल. धोपाव्याच्या फेरीबोटीत ओहोटीच्या वेळी तो चढवायचा विचार तर सोडूनच दे. हिच रॅम्पवर टेकेल. इथे येशील तेव्हा आपली जीप आहे.

मामीने कोकम आणि फणसाची पोळी ताईबरोबर पाठवायचं ठरवलंय. त्याचं वजन मी वर धरलेलं नाही.

तुझा,
मामा

ता. क. ट्रेलरची चाकं नवी बसवलेली असतील तर नट पहिल्या दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर पुन्हा आवळ. टॉर्कचा पाना विकत घे, पान्यावर उभं राहून आवळू नकोस. किती आवळायचे तो आकडा ट्रेलरच्या पुस्तकात असतो, पिकअपच्या नव्हे.