तारा आणि काडी

फाल्गुन सरू लागला की बेळगुंदीच्या पश्चिमेकडील डोंगरांवर रात्री वणव्याच्या माळा दिसू लागतात. त्या पाहिल्या म्हणजे बालपणीची एक संध्याकाळ आम्हांस आठवते. आम्ही चौथीत होतो. बांधावरचे वाळले गवत जाळण्याचे काम आमच्यावर सोपवून वडील घरी गेले. वारा सुटला आणि पाहता पाहता शेजाऱ्याची गवताची गंजी पेटली. दोन म्हशींची पावसाळ्यापर्यंतची वैरण गेली. वडिलांनी गावात सांगितले, “तारा तुटून पडला.” आम्ही गप्प राहिलो.

पुढे वाचनात आले की, असा तारा शोधणारे आम्हीच एकटे नव्हतो. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री अमेरिकेत शिकागो शहर जळत होते. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो गाव व भोवतालची अरण्ये भस्मसात होऊन हजारावर माणसे मेली. मिशिगनमध्येही वणवे पेटले. इग्नेशस डॉनेली याने १८८३ साली या आगींचा दोष दुभंगलेल्या बिएला धूमकेतूच्या माथी मारला. वस्तुतः ते वर्ष अवर्षणाचे होते. शेतकरी व रेल्वेचे मजूर तोडलेली झुडपे जाळीत होते. आणि त्या रात्री सोसाट्याचा वारा सुटला.

उल्का पेटलेली दिसते खरी. पण लहान दगडाचा वेग वातावरणात मंदावतो आणि जमिनीवर येईतो तो आग लावण्याजोगा उरत नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर उन्हाळ्यात असे दगड पडले. त्यांनी वणवा पेटविल्याचे ऐकिवात नाही. १९०८ साली सायबेरियात तुंगुस्का येथे आकाशातील स्फोटाने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर अरण्य आडवे झाले, झाडे होरपळली. पण असा प्रसंग विरळाच.

मार्च २०२३ मध्ये डोंगरापलीकडे गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले; ते विझविण्यास हेलिकॉप्टरे आणावी लागली. त्या दिवसांत एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तारा पडून वणवा लागतो काय?” आम्ही वरील सारे सांगितले. आमची काडी मात्र सांगितली नाही.

वडील आता नाहीत. त्या संध्याकाळी आम्ही शेजारच्या वृद्ध काकांकडे गेलो आणि खरे ते सांगून टाकले. ते हसले. म्हणाले, “तारा पडला म्हणालास, मग तुझ्या बोटाला फोड कसला आलता रे?”

दुसऱ्या दिवशी वर्गात उरलेली गोष्ट सांगितली.