बुधवारचा बोर्ड

बुधवार म्हणजे सिव्हिल रुग्णालयात अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा दिवस. लांबच्या तालुक्यांतली माणसं मंगळवारीच यायची आणि आवारातल्या वडाच्या पारावर पथारी टाकायची. पहाटे नळावर तोंड धुऊन, फडक्यातली भाकरी खाऊन सगळी ओपीडीच्या दाराशी बसून राहायची. कुणाच्या कडेवर सात-आठ वर्षांचं पोर असे, पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबकळत. कुणी बापाने मुलाला पाठुंगळी घेतलेलं असे, कारण जिल्ह्यात तेव्हा चाकाची खुर्ची फक्त रुग्णालयाची, आणि तीही एकच धड. मी तिथे समाजसेवा अधीक्षक होते. बालरोग ओपीडीच्या शेजारच्या बोळात माझं टेबल, एक बाक आणि लोखंडी कपाट. फिनेलचा वास आणि केसपेपरांचा ढीग यांतच माझी उमेदीची वर्षं गेली, आणि ती चांगली गेली असं आजही वाटतं.

दाखला तेव्हा हाताने लिहीत. फोटो चिकटवायचा, अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटवायचा, सीएस साहेबांची, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांची, सही घ्यायची, रजिस्टरमधला नंबर टाकायचा. खोलीतून बाहेर आलेल्या आईला बाकावरच्या बाकीच्या आया एकच विचारत, "टक्के किती बसले?" चाळीस किंवा त्याहून जास्त बसले की एसटीची सवलत, रेल्वेचा फॉर्म, संजय गांधी निराधारचा अर्ज असे रस्ते उघडायचे. एकोणचाळीस बसले तर काही नाही. पण मतिमंद मुलांची बुद्ध्यंक चाचणी करणारं माणूसच आमच्याकडे नसे. त्यांना पुण्या-मुंबईला चिठ्ठी द्यायची. निम्मी कुटुंबं त्या चिठ्ठीनंतर परत दिसत नसत.

तेव्हाचा कायदा फार तोकडा होता, हे मी विसरलेले नाही. 1995चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी 1996मध्ये लागू झाला. त्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यात नव्हती, थॅलेसेमिया नव्हता, हिमोफिलिया नव्हता. धडधाकट दिसणारं, पण हाकेला ओ न देणारं, पंख्याकडे तासन् तास बघत बसणारं मूल घेऊन आई यायची, तेव्हा त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं, हे बोर्डालाही कळत नसे.

त्या बोळात एक वृद्ध वकील यायचे. कोर्टाचं काम उरकलं की काळा कोट हातावर घेऊन माझ्या बाकावर येऊन बसत. आम्ही सगळे त्यांना वकीलकाका म्हणायचो. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, मानधन नव्हतं. त्यांची स्वतःची नात ऐकू न येणारी होती, एवढंच मला ठाऊक. चहा घेत घेत ते एकेका कुटुंबाची कागदपत्रं बघत. तहसीलदाराला अर्ज लिहून देत. सातबाऱ्यावरून मुलाचं नाव गाळलं आहे का, चुलत्यांनी हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला आहे का, हे ते न विसरता विचारत, कारण मतिमंद मुलाचा हिस्सा घरातल्या घरात गिळला जाणं ही फार नेहमीची गोष्ट होती.

एका प्रश्नाला मात्र त्यांच्याकडेही उत्तर नसे, आणि तोच प्रश्न दर बुधवारी यायचा: "आम्ही गेल्यावर ह्याचं काय?"

1890चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांपुरता होता. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व आपल्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं होतं. म्हणजे ज्या मुलाला आयुष्यभर कुणीतरी घास भरवायचा, तो अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या लेखी त्याचे आईबापही त्याच्या वतीने सही करू शकत नसत. वकीलकाका हे समजावून सांगत तेव्हा बापांचे चेहरे उतरत. इतकी वर्षं हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसे.

मग 1999च्या अखेरीस राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चार गटांसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्यातल्याच स्थानिक समितीला मिळाला. कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी ती समिती. कोर्टाच्या पायऱ्या चढायला नकोत. आमच्याकडच्या एका विधवा बाईंना मुलाच्या पालकत्वाचा आदेश मिळाला, तेव्हा त्या तो दाखवायला बोळात आल्या होत्या. वकीलकाकांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि त्यांना बजावलं, "बाई, सहा महिन्यांत ह्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, दरसाल हिशोब द्यायचा. हे विसरायचं नाही." कायदा मिळाला म्हणजे काम संपलं, असं ते कुणालाच वाटू देत नसत.

आज त्या रुग्णालयात गेलं की ऊर भरून येतो. रॅम्प आहे, लिफ्ट आहे. लहान मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आहे, तिथे फिजिओथेरपी, वाचा उपचार, मानसशास्त्रज्ञ एका छताखाली मिळतात. चिठ्ठी घेऊन पुण्याला जावं लागत नाही. 2016च्या कायद्याने सातचे एकवीस प्रकार केले, पंख्याकडे बघणाऱ्या त्या मुलाला रकाना मिळाला. सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. दाखल्यावरचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. निरामय योजनेत न्यासाच्या चार गटांतल्या मुलांना एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च बसतो. आणि वकील? विधी सेवा कायद्याच्या कलम 12प्रमाणे अपंग व्यक्तीला आणि कुठल्याही बालकाला वकील मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही. 15100 हा क्रमांक फिरवला की विधी सेवा प्राधिकरण फोन घेतं. माझ्या टेबलावर यातलं एक जरी तेव्हा असतं, तर कितीतरी कुटुंबं वाचली असती.

तरीही त्या बोळाची आठवण येते, आणि ती केवळ वडाची सावली गेली म्हणून येत नाही. तिथे डॉक्टर, वकील आणि आई एका बाकाच्या अंतरावर होते. वकीलकाका उठून डॉक्टरांना म्हणत, "साहेब, ह्यात सुधारणा संभवत नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर ही बाई दर तीन वर्षांनी पोर उचलून इथे येत राहील." डॉक्टर मान वर करून त्या बाईकडे बघत आणि तसं लिहीत. त्या एका ओळीने तिच्या किती खेपा वाचत!

आता जून 2021पासून दाखला फक्त सरकारी पोर्टलवरून मिळतो. अर्ज सामाईक सेवा केंद्रातला (सीएससी) मुलगा भरतो. त्याची चूक नसते, पण त्याला त्या आजाराची काही माहिती नसते. आधारवर नाव एक आणि जन्मदाखल्यावर दुसरं असलं की अर्ज अडकतो. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाची मूठ उघडत नाही, ठसा उमटत नाही, म्हणून आधारच रखडतं. अशा मुलांसाठी बायोमेट्रिकमधून सूट देण्याची तरतूद आहे, पण हे आईला सांगणार कोण? दाखला महिन्याभरात द्यायचा असा 2017चा नियम होता, 2024मध्ये ती मुदत तीन महिने केली. मला हे मुळीच पटलेलं नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे तीन महिने म्हणजे शाळेचा प्रवेश, बुटांचं माप, थेरपीचा सगळा हंगाम.

आणि मोफत वकील बसतात जिल्हा न्यायालयात. निदान होतं इकडे, हक्क कळतात तिकडे. मधे रिक्षाचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. मुलाला काय झालंय हे आईला कळतं, त्या दिवशी ती डीईआयसीच्या बाहेर सुन्न होऊन बसलेली असते. तिला कायद्याचं माणूस हवं असतं तेव्हाच, आणि तिथेच. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. बॅरी झुकरमन यांनी 1993 साली वकिलांनाच उपचार करणाऱ्या चमूत घेतलं. औषध देऊनही मूल बरं होईना, कारण घरमालक ओल काढत नव्हता, हे त्यांनी ओळखलं होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचा बोळ आठवला. फरक इतकाच की तिथे त्याची व्यवस्था झाली आणि आमच्याकडे तो एका भल्या माणसाबरोबर संपला.

परवा एक निवृत्त शिक्षक भेटले. मुलगी तीस वर्षांची, बहुविकलांग. सरकारी नोकराच्या अशा मुलीला, तिला स्वतः कमावता येत नसेल तर, आईवडिलांमागे आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. सेवेत असताना तिचं अपंगत्व कागदावर आणलेलं नव्हतं. पालकत्वाचा आदेश नव्हता. ती मुलगी लहानपणापासून रुग्णालयांत जातेय. इतक्या डॉक्टरांनी तिला तपासलं, प्रत्येकाने औषध लिहून दिलं, आणि एकाच्याही शेजारी हे सांगणारा माणूस बसलेला नव्हता.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची बौद्धिक अपंग व्यक्तींसाठीची योजना 2015पासून आहे. पॅनेलवरचे वकील आहेत, प्रशिक्षित विधी स्वयंसेवक आहेत. नवा पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही. आठवड्यातून एकदा, बोर्डाच्याच दिवशी, डीईआयसीच्या दाराबाहेर त्यांचं एक टेबल हवं. दाखला हातात पडला की आई तिथूनच पुढे जाईल. निरामयचा फॉर्म तिथे भरला जाईल, आधारची अडचण नोंदवली जाईल, आणि मूल सतरा वर्षांचं झालं की पालकत्वाच्या अर्जाची आठवण करणारा फोनही तिथूनच जाईल. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि प्राधिकरणाच्या सचिवांना मी तसं पत्र दिलं आहे. स्वयंसेवक मिळेपर्यंत बुधवारी त्या टेबलाशी मी बसायला तयार आहे, हेही त्यात लिहिलं आहे.