संगणकाचा कूलर

आमच्या नागपुरांत ‘कूलर’ हा शब्द उच्चारतांच ऐकणाराच्या डोळ्यांपुढें एकच वस्तु उभी राहते: खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसविलेली पत्र्याची पेटी, तिच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि आंत घोंघावणारा पंखा. म्हणून ‘संगणकासाठीं कूलर घ्यायचा आहे’ असें मीं शेजारच्या काकांना सांगितलें, तेव्हां त्यांनीं मोठ्या काळजीनें विचारलें, “अहो, पण त्यांत रोज पाणी कोण भरणार?” प्रश्न हंसण्यासारखा खरा, पण या विषयांत जसजसा मी खोल शिरलों तसतसें मला वाटूं लागलें कीं, तो मुळींच खुळा नव्हता.

प्रोसेसरबरोबर एक लहानसा कूलर पेटींतून मिळतो आणि बहुतेकांचें त्यावर भागतें. आमचें भागेना, याला कारण आमच्या घरचें एक काम. माझी पत्नी अंध विद्यार्थ्यांसाठीं पाठ्यपुस्तकें वाचून तीं ध्वनिमुद्रित करते. दिवसां रस्त्याची गडबड, म्हणून तिचें वाचन रात्रीं साडेदहानंतर सुरू होतें. मे महिन्यांतहि त्या वेळीं खिडकींतला कूलर बंद करावा लागतो, आणि पाहतां पाहतां खोली ३५ अंशांवर जाते. परीक्षा जवळ आलेली असते; म्हणून इकडे नवें प्रकरण वाचून होत असतांना तिकडे संगणक मागच्या प्रकरणांची सफाई करीत असतो. आणि नेमक्या त्या शांततेंत टेबलाखालचा तो चिमुकला पंखा गळा काढतो. त्याचें रडणें एकसुरी असतें तरी कानाआड करतां आलें असतें. पण तें चढे, उतरे, पुन्हां चढे. ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर जें येतें तेंच त्याचें पुस्तक. आणि त्या पुस्तकाच्या पानापानावर आमच्या पंख्याचा डाग!

प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणण्याची रीत आहे. पण घरांतल्या माणसांना त्याची ओळख होते ती चूल म्हणून. आमचा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो. काम भरांत आलें कीं तो ८८ वॅटपर्यंत वीज घेतो आणि जवळजवळ सगळीची उष्णता करून टाकतो. ६० वॅटचा जुना दिवा हाताला चटका देई. येथें त्याहून अधिक उष्णता निघते, आणि तीहि बहुतांशीं सुमारें ७४ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून लहान अशा तुकड्यांतून. ९५ अंशांची मर्यादा गांठली कीं प्रोसेसर आपण होऊन गति कमी करतो. ती पाळी येऊं नये म्हणून पंखा धांवतो. आणि पंखा जितका लहान, तितकी त्याची धांवाधांव जास्त. मोठा पंखा सावकाश फिरूनहि तेवढाच वारा लोटतो, आणि त्याच्या सावकाशपणांतच त्याचें मौन असतें.

माझ्या भाच्याला हा प्रश्न सुटलेलाच वाटत होता. “मामा, सरळ लिक्विड कूलर लावा, रंगीत दिव्यांचा!” त्या यंत्रांत पंपानें पाणी फिरवून एका जाळीपर्यंत नेतात आणि तेथें पंख्यानें निववितात. म्हणजे पंखा आहेच, आणि वर पंपाची घरघर! गोंगाट घालवायला निघालेल्या माणसानें घरांत आणखी एक गवई कशाला आणावा? सीताबर्डीच्या दुकानदारानें माझ्यापुढें चार-पांच मनोरे मांडले, तेव्हां मीं खिशांतून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या: प्रोसेसरच्या बैठकीचें नांव, तेथून पेटीच्या झांकणापर्यंतचें अंतर, आणि शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांची उंची. पेटींत जागा १६० मिलिमीटर. तेव्हां १६५ मिलिमीटरचा एक कूलर गुणवान् असूनहि बाद झाला. शेवटीं ऑस्ट्रियांतील नॉक्टुआ कंपनीचा, १५८ मिलिमीटर उंचीचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर मीं पसंत केला. त्याचा तपकिरी-बदामी रंग पाहून भाच्याचें तोंड उतरलें. “हें तर आजीच्या स्वयंपाकघरांतलं दिसतंय!” तो म्हणाला. टेबलाखालच्या अंधारांत जन्म काढणाऱ्याला रंगाची काय चाड?

या कूलरच्या तळांतून तांब्याच्या पांच नळ्या निघतात आणि वर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या चळतींत शिरतात. त्या भरीव असाव्यात असें वाटतें; पण त्या पोकळ असतात. आंतली हवा काढून घेऊन अगदीं थोडें पाणी कारखान्यांतच त्यांत कायमचें कोंडलेलें असतें. काकांच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे! खालचें टोक तापलें कीं या पाण्याची वाफ होते. आंत हवेचा दाब नसल्यामुळें त्याला शंभर अंशांची वाट पाहावी लागत नाहीं. वाफ थंड टोकाकडे धांवते, आपली उष्णता पत्र्यांच्या स्वाधीन करून पुन्हां पाणी होते, आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून माघारीं येतें. माठ आणि खिडकींतला कूलर याच युक्तीवर चालतात. फरक इतकाच कीं, माठांतून गेलेलें पाणी परत येत नाहीं. अमेरिकेंत गॉग्लर यांना १९४४ सालीं अशा नळीचें पेटंट मिळालें होतें, पण तिकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९६३ सालीं लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली, आणि पुढें ती अंतराळयानांतहि जाऊन बसली.

एका रविवारीं सकाळीं मीं पेटी उघडली. जुना कूलर हिसका देऊन काढणें बरें नव्हे. त्याच्या खालचा लेप वाळून चिकटलेला असतो, आणि या जातीच्या प्रोसेसरच्या पोटाला सुयांसारख्या तेराशेंहून अधिक पिना असतात. तो कूलरबरोबर उपटून आला आणि त्यांतली एखादी वांकली, तर खेळ आटोपला. म्हणून आधीं संगणक थोडा वेळ चालवून लेप कोमट होऊं दिला. मग वीज तोडून स्क्रू सोडले, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळीत सुटा केला.

नव्या लेपाचें प्रमाण ही यांतली खरी नाजूक बाब. धातूचे दोन पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना थोड्याच ठिकाणीं टेकतात; मधल्या अदृश्य खांचांत हवा राहते. उष्णता वाहून नेण्यांत तांब्याचा अंक सुमारें ४००, तर हवेचा अवघा ०.०२६, म्हणजे हवेचा तो पदर रजईच होय. बाजारांतल्या बहुतेक लेपांचा अंक दहाच्याहि आंत, तरी हवेपेक्षां तो शेंकडों पटींनीं बरा. खांचा भरण्यापुरता तो हवा. त्याहून जास्त झाला कीं तोच भिंत होऊन बसतो. दोन माणसांत मध्यस्थी करणारांनीं हा लेप एकदां पाहून ठेवावा. मीं वाटाण्याहून लहान असा एक ठिपका मधोमध ठेवला आणि दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळले.

या खरेदीनें घरांतली उष्णता तसूभरहि कमी झालेली नाहीं. ८८ वॅट वीज आंत गेली तर तेवढीच उष्णता खोलींत येणार. कूलर ती उचलून हवेंत सोडतो, इतकेंच; खोली ३५ अंशांची असेल तर प्रोसेसरला त्याहून थंड तो करूं शकत नाहीं. त्याला कूलर म्हणण्यापेक्षां हमाल म्हणणेंच अधिक योग्य. आम्हीं विकत घेतली ती ओझें निमूटपणें वाहण्याची हातोटी. ती हातोटी घरांत पूर्वींपासूनच होती, हें मात्र माझ्या तेव्हांच ध्यानांत आलें. खिडकी बंद, कूलर बंद, पदरानें घाम टिपणें चाललेलें. पण पत्नीनें वाचलेलें प्रकरण ऐकावें, तर त्या आवाजांत उकाड्याचा मागमूसहि नसतो.

वाचनापूर्वीं ती अर्धा मिनिट नुसत्या रिकाम्या खोलीचें मुद्रण करते आणि कानाला लावून ऐकते. त्या रात्रीं तिनें तें दोनदां ऐकलें. शाबासकीच्या आशेनें मी उभा होतों. हेडफोन काढून ती म्हणाली, “भिंतीवरचं घड्याळ तेवढं बाहेर नेऊन ठेवता का? त्याची टिकटिक येते आहे.”

घड्याळ त्या भिंतीवर बारा वर्षें होतें. त्याला आवाज आहे, हें आम्हांला त्या रात्रीं कळलें.