पावती ब्रासात, रस्ता टनात

गावात शिरताना डाव्या हाताला पत्र्याची पाटी आहे : 'अवजड वाहनांस सक्त मनाई. आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून, ते लिहिलेलं नाही. पाटी रंगवताना मी पेंटरला विचारलं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, आदेशावरून लिहिलं की जरा वजन येतं." गेल्या पावसाळ्यात एका हायवानं मागं घेताना पाटी वाकवली. तिचं तोंड आता आभाळाकडं आहे.

*

हायवा हे नाव मुळात गाडीचं नाहीच. हौदा उचलणारा हायड्रॉलिक जॅक बनवणारी ती एक डच कंपनी. पण आमच्याकडं टिपर कुणीही बनवलेला असो, तो हायवाच. जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. लांबून आवाज आला की बायका दोरीवरची धुणी काढतात. ज्यांची घरं रस्त्याला लागून आहेत त्यांच्या फडताळातली भांडी आधी किणकिणतात, मग गाडी दिसते.

*

सकाळी मोरीपर्यंत पायी गेलो. रस्ता नीट बघायचा तर चालतच जायला हवं. मोटरसायकलवरून फक्त खड्डे दिसतात.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. डांबर ३.७५ मीटर रुंद, हायवा अडीच मीटर. समोरून दुसरी गाडी आली की दोघांचीही एका बाजूची चाकं साइडपट्टीवर उतरणार. साइडपट्टी मुरमाची, ती दबते. दबली की पावसाचं पाणी चारीत न जाता डांबराच्या कडेला उभं राहतं. तिथून ते खाली मुरतं. खाली आमची काळी माती. ती फुगते, लोण्यासारखी होते. मग चाक येतं तेव्हा रस्ता मधून फुटत नाही, कडेनं भाकरीसारखा मोडतो. मोडलेला एक तुकडा उचलून पाहिला : वर दोन बोटं डांबर-खडी, खालच्या अंगाला ओली माती चिकटलेली. चाकोरीत बारीक भेगांची जाळी. एक गाडी गेली तेव्हा वाकून पाहिलं, तर भेगांतून गढूळ पाणी पिचकारीसारखं वर आलं. म्हणजे वरचं डांबर पापड झालंय, खाली आधार नाही.

मोरीच्या तीन नळ्यांपैकी मधली चार बोटं खाली बसली आहे. तिच्या डोक्यावर डांबराला आडवी चीर.

*

आकडे लिहून ठेवतो, वादात उपयोगी पडतील.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून लष्करी जवानांनी रात्रंदिवस ट्रक चालवले. रस्ता किती ओझ्याला किती झिजतो, एवढंच पाहायचं होतं. निघालेला ढोबळ नियम असा : आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. दोनाचा चौथा घात. आपल्याकडचे रस्तेही याच हिशेबानं आखतात, ८.१६ टनांचा एक आस हे मोजमापाचं एकक.

आता हेच गणित आपल्या कायद्याला लावून बघू. जुलै २०१८मध्ये केंद्रानं चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ तेरा टक्क्यांच्या आत-बाहेर. चौथा घात काढला की झीज साठ टक्क्यांनी जास्त. महामार्गानं ते सोसलं असेल. पण तीच गाडी शेवटचे चार किलोमीटर आमच्या रस्त्यानं येते, आणि हा रस्ता २०१८मध्ये एका बोटानंही जाड झालेला नाही.

*

वाळू-खडीचा हिशेब ब्रासात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कोरडी वाळू धरली तर साडेचार टनांच्या आसपास. ओली असली तर अधिक, आणि नदीतून काढलेली वाळू कोरडी कुठून असणार? दहा टायरी गाडीला एकूण वजनाची मर्यादा साडेअठ्ठावीस टन. रिकामी गाडीच दहा-अकरा टनांची. म्हणजे चार ब्रासला कायदा काठोकाठ भरतो. आमच्याकडं 'सहा ब्रासची गाडी' हा रोजचा शब्द आहे. बांधकामवाले दरही तसाच विचारतात.

पावती ब्रासात फाटते, रस्ता टनात मोडतो. दोन्ही सरकारचेच, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

*

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. राज्य सरकारला किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप बघून, ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी घालता येते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि पुढच्या कलमाप्रमाणे रस्त्यावर खुणेची पाटी. गंमत खालच्या परंतुकात आहे : बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं तरी पुरतं. पावसाळ्यातले दोन-चार वाईट आठवडे निभावायला हे परंतुक पुष्कळ आहे. ते वापरलेलं मी पाहिलेलं नाही.

ग्रामपंचायतीनं नुसता ठराव करून ही बंदी होत नाही. ठराव म्हणजे वर पाठवायची विनंती. त्यामुळं पाटीवरचं 'आदेशावरून' हे, खरं सांगायचं तर, पेंटरच्या आदेशावरून.

*

जादा वजनाला कलम १९४ : २०१९च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये, वर दर जादा टनाला दोन हजार. आधी हे दोन हजार आणि एक हजार होतं. दंड भरपूर आहे. पण तो लावायला गाडी तोलावी लागते. कलम ११४ म्हणतं की अधिकाऱ्याला गाडी काट्यावर न्यायला लावता येईल, मात्र काटा पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या किंवा मालाच्या मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असावा. आमच्या टापूत दहा किलोमीटरमध्ये काटे दोनच. एक क्रशरवाल्याचा, दुसरा साखर कारखान्याचा.

*

अर्ज घेऊन चार कार्यालयं फिरलो. बांधकामवाले म्हणाले, रस्ता आमचा, वाहनं आमची नाहीत. वाहनांकडचे म्हणाले, आमच्याकडं भरारी पथक एक आणि तालुके चार. महसूलवाल्यांनी विचारलं, गाडीकडं रॉयल्टीची पावती आहे ना? मग उत्खनन वैध आहे. ठाण्यात चहा मिळाला. चारही ठिकाणच्या पोचेवर एकच वाक्य : 'आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी.' प्रत्येकानं ते दुसऱ्याला लिहिलेलं.

*

इंग्लंडात १७५३मध्ये कायदा झाला, की मालाच्या जड गाड्यांची चाकं नऊ इंच रुंद हवीत. अरुंद चाकं रस्ता चिरतात म्हणून. हे वाचलं आणि आजोबांच्या बैलगाडीची धाव आठवली. जेमतेम दोन-अडीच इंचांची लोखंडी पट्टी. पावसाळ्यात ती पाणंदीत सुरीसारखी शिरायची, आणि गाडी रुतली की आजोबा शिव्या बैलांना द्यायचे. पुढं उसाला टायरगाड्या आल्या तेव्हा पाणंदी जरा सुखावल्या.

*

पोरांनी कमान केली. गावच्याच वेल्डरनं, वर्गणीतून. वेशीजवळ दोन खांब आणि वर आडवा लोखंडी पाइप, नऊ फुटांवर. पहिल्याच संध्याकाळी मुक्कामी एसटी वेशीबाहेर उभी राहिली आणि कॉलेजच्या मुली किलोमीटरभर अंधारात चालत आल्या. दुसऱ्या दिवशी पाइप अकरा फुटांवर नेला. एसटी आली. तिच्या मागोमाग हायवाही आला, हौद्यावर ताडपत्री बांधून, अगदी ऐटीत. वाळू जड असते, उंच नसते, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मग कारखाना सुरू झाला आणि उसाची पहिली ट्रॉली कमानीला अडकली. ऊस उंच भरतात. म्हणजे आमच्या कमानीनं शेवटी अडवलं ते गावच्या उसाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच वेल्डरनं गॅस कटरनं पाइप कापला. कापायची मजुरी वेगळी घेतली.

*

अमेरिकेतल्या मिनेसोटात वसंतात बर्फ वितळू लागलं की खेड्यांतल्या रस्त्यांवर आसाच्या भाराची मर्यादा उतरवतात. फ्रान्समध्येही 'वितळीचा अडसर' अशा अर्थाचं नाव असलेली बंदी असते. कारण एकच : खालची माती ओली आहे तोवर रस्ता अर्ध्या ताकदीचा. जमीन वाळली की बंदी उठते. कुणाचा धंदा बुडत नाही, काही आठवडे पुढं जातो.

आमच्याकडं वितळायला बर्फ नाही, पण परतीचा पाऊस आहे. ऑक्टोबर सरताना काळ्या रानात अजून पाय रुततो, आणि नेमक्या त्याच वेळी गाळपाचे बॉयलर पेटतात. रस्ता सर्वांत दुबळा असतानाच त्यावर वर्षाचं सर्वांत मोठं ओझं. हे लिहिलं आणि जरा थांबलो, कारण आत्तापर्यंतच्या पानांत सगळे चोर बाहेरचे होते.

*

गोव्याचं थोडं. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या त्याआधी सावर्डे-कुडचडे रस्त्यावर मी एकदा दुपारभर अडकलो होतो. खनिजाच्या ट्रकांची रांग, दोन्ही बाजूंची झाडं विटकरी, चहाच्या ग्लासाच्या तळाशीही लाल गाळ. ट्रक नदीच्या धक्क्यापर्यंत जायचे, पुढं बार्जनं मुरगाव. पण ट्रकवाले बहुतेक त्याच गावांतले. जमीन खाणीत गेलेली, ट्रक कर्जावर घेतलेला, पैसे खेपेवर. रस्त्याला शिव्या घालणारा आणि रस्ता मोडणारा एकाच घरात जेवत असे.

*

समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. त्याच्या भरावाचा मुरूम कुठल्या रस्त्यांवरून गेला, हे त्या पट्ट्यातल्या गावांना विचारावं.

*

गांधीजयंतीची ग्रामसभा. कोरम कसाबसा. ठराव वाचला : 'गावातील रस्त्यावरून अवजड वाहनांस बंदी करणेबाबत.' टाळ्या. मग मागून एक जण उठला, माझाच जुना विद्यार्थी, आता चार एकर ऊस. "गुरुजी, आमचा ऊस काय डोक्यावरून न्यायचा का?" हशा पिकला. सरपंचबाई हुशार. त्यांनी ग्रामसेवकांना ओळ वाढवायला सांगितली : 'ऊस वाहतूक वगळून.' कुणीतरी म्हणालं, दुधाचा टँकर. तोही वगळला. घरकुलाची खडी-वाळू? वगळली. खताचा ट्रक, पोल्ट्रीच्या खाद्याची गाडी. वगळत वगळत ठरावाचा अर्थ उरला तो एवढाच, की जे आपलं नाही ते बंद.

इंग्लंडातल्या खेड्यांच्या वेशीवर साडेसात टनांची पाटी असते आणि खाली बारीक अक्षरांत गावात कामासाठी येणाऱ्यांना सूट. म्हणजे माणूस इथूनतिथून सारखाच. फरक इतका, की तिथं काही गावांत लोक स्वतः वहीत ट्रकांचे नंबर टिपून प्रशासनाला देतात आणि पुढं चौकशी होते. आमच्या पोरांनीही आठ रात्री नंबर टिपले. नवव्या रात्री एकाच्या चुलत्याचा नंबर वहीत आला.

*

ट्रॉलीचा हिशेब पानावर घ्यायचा राहिला होता. दोन चाकांच्या जागी चार टायर, आस एकच, त्यावर आठ-दहा टन ऊस. अशा दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला. म्हणजे दर खेपेला त्या ८.१६च्या एककाइतका किंवा त्याहून मोठा धक्का, तोही दोनदा. हायवा दिवसाला दहा-बारा. उसाच्या खेपा भर हंगामात मी मोजल्या तेव्हा पहाटेपर्यंत एकतीस झाल्या आणि मला झोप लागली.

गंमत म्हणजे हायवात किती भरलं याचा आम्ही नुसता अंदाज करतो, उसाचं मात्र किलोपर्यंत लिहिलेलं असतं. प्रत्येक खेपेची वजनपावती निघते : भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ ऊस. काटामारी होते म्हणून आम्ही आंदोलनं करतो. काटा खरा हवा, कारण पैसे त्यावर. तोच काटा रस्त्याचीही साक्ष देत असतो, आणि ती पावती मी वर्षानुवर्षं बिलासाठी जपून ठेवतो. माझ्या पत्र्याच्या डब्यात चौदा हंगामांच्या आहेत. रस्त्यासाठी त्या कुठल्याही कार्यालयानं कधी मागितल्या नाहीत. मीही कधी दाखवल्या नाहीत.

*

काल माझ्या अडीच एकराला तोड आली. टोळी पहाटेच फडात उतरली. संध्याकाळपर्यंत पहिली ट्रॉली भरली. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून वर चढत होत्या, थरावर थर. मी मुकादमाला म्हणालो, "एक थर कमी भर, मोरी खचली आहे."

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "गुरुजी, आमाला टनावर पैसं, गाडीवाल्याला टनावर पैसं. कमी भरलं तर खेप वाढणार. स्लिपबॉय दुसरी गाडी कवा देतोय? आन तुमचा ऊस फडात वाळला तर वजन कुणाचं घटंल?"

वारा सुटला होता. वरचा थर हलत होता. ड्रायव्हरनं दोराचं दुसरं टोक माझ्याकडं फेकलं. मी चाकावर पाय देऊन वर चढलो आणि दोर आवळायला हात दिला.