टोपली, मडकं आणि प्लायवूडची पेटी

‘तुमच्याकडे साप आणताय म्हणे?’ हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत इतक्या जणांनी विचारलाय, की शेवटी ठरवलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. पुण्याची मावशी, ठाण्याचे भाऊजी, आणि ‘साप आला की मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही’ असं जाहीर केलेल्या आमच्या वन्सं, सगळ्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. तर मंडळी, साप अजून आलेला नाही. पेटी मात्र तयार आहे.

हे सगळं आमच्या कन्येचं. वय वर्षं सोळा. या वयात मुलं नवा फोन मागतात, फार तर कुत्रा. हिने साप मागितला. नवरा हसला. मी हसले नाही, कारण ही एकदा बोलली की चार दिवसांनी वही काढते हे मला माहीत आहे. चौथ्या दिवशी वही निघालीच.

आधी कायद्याचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपल्याकडचे साप घरात पाळता येत नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना लागू आहे. सर्पमित्रसुद्धा साप पकडतात ते सोडून देण्यासाठीच, ठेवून घेण्यासाठी नाही. कन्येला हवा आहे तो बॉल पायथन. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी, साधारण चार-पाच फुटांचा. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखं वेटोळं करून बसतो, म्हणून हे नाव. चावण्यापेक्षा लपणं पसंत करणारा प्राणी आहे. (वन्सं, ही ओळ परत वाचा.) मात्र तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांच्या आत सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. घरातल्या माणसाचं करतो तसंच जवळजवळ.

वहीच्या पहिल्या पानावर कन्येने एकच प्रश्न लिहिला होता : ‘पेटी कोणासाठी?’ मला आधी तो बाळबोध वाटला. सापासाठी, अजून कोणासाठी? पण विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आपल्याकडे साप ठेवण्याच्या जेवढ्या जागा मी पाहिल्या किंवा ऐकल्या, त्या बहुतेक माणसाच्या सोयीच्या होत्या.

लहानपणी नागपंचमीला दारात गारुडी यायचा. त्याची वेताची गोल टोपली खांद्यावर नेता येईल एवढी असायची. आत नाग कसा राहतो हा प्रश्न कुणाला पडत नसे. नाग दूध पीत नाही. तहानेने कासावीस झालेला साप समोर येईल ते ओलं तोंडाला लावतो, आणि आपण आया-बाया हळदकुंकू वाहून धन्य होतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यात ठेवायचे. तिथली माणसं त्यांना जपायची, पूजा झाली की जिथून आणले तिथे नेऊन सोडायची. भाव खराच होता. तरी ते मडकं होतं सणासाठीच. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या त्या मिरवणुका थांबल्या.

आणि एक काचेची खोली. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. कठड्याला टेकून खाली पाहत मी पहिल्यांदा साप बघितला, आणि तो आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता याचं मला फार नवल वाटलं होतं. त्या काचेच्या खोलीने कित्येक सापांचे जीव वाचवले असतील. पण तीही आपल्याला शिकवण्यासाठी होती.

असो. आता आमच्या पेटीकडे वळू.

सुतारकाकांना ‘चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच’ एवढंच सांगितलं तेव्हा त्यांनी बूट ठेवायचं कपाट समजून अंदाज दिला. खरं कळल्यावर चहाचा कप खाली ठेवला. पण काम फार मन लावून केलं. जाड प्लायवूड, समोर सरकती काच, आणि काचेला सराफाच्या काउंटरला असतं तसलं छोटं कुलूप. साप म्हणजे एक लांबलचक स्नायू, फट दिसली की डोकं घालून ढकलतो. आतले सगळे सांधे सिलिकॉनने बुजवले. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत दहा दिवस पेटी गच्चीत उघडी ठेवली. काकांनी प्रेमाने देवदारचा भुसा आणून दिला होता, तो परत केला. त्या लाकडातला सुगंधी अंश सापाच्या श्वसनाला बाधतो. त्याऐवजी नर्सरीतून नारळाच्या काथ्याचा भुगा आणला. आमच्या नाशकात नर्सऱ्यांना तोटा नाही.

सापाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून पेटीची एक बाजू एकतीस-बत्तीस अंशांवर आणि दुसरी पंचवीस-सव्वीसवर ठेवायची, म्हणजे तो गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाईल. वर उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर, भाजू नये म्हणून त्याला जाळी, आणि तापमान वाढलं की आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट. दोन टोकांना दोन तापमापक, हवेतला ओलावा मोजायला आणखी एक यंत्र. अंग बुडेल एवढं पाण्याचं पसरट भांडं.

लपायला कुंभाराकडून दोन मडकी आणली, बाजूने भोक पाडलेली. दोन का, असं मी विचारलं. कन्या म्हणाली, ‘एकच असलं आणि ते गार बाजूला असलं, तर त्याला ऊब हवी असेल तेव्हा लपायची जागा सोडून उघड्यावर यावं लागेल. मग तो घाबरून थंडीतच बसून राहील. ऊब किंवा सुरक्षितपणा, यातलं एक निवडायला लावायचं नाही त्याला.’

हे वाक्य माझ्या आईने ऐकलं. ती तेव्हा शेंगा सोलत होती.

आता आईबद्दल. आई माहेरची निफाडकडची, गेली सहा वर्षं आमच्याकडे असते. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, १९८३ च्या पावसाळ्यात गेला. रात्रीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला तो शेतात गेला होता. घोणस चावली. आधी कडुनिंबाचा पाला खायला दिला, कडू लागतो का बघायला. मग मारुतीच्या देवळात नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत पहाट झाली होती. त्याचं वय तेव्हा सत्तावीस होतं. आमच्या घरात ‘साप’ हा शब्द कुणी उच्चारत नसे, ‘जनावर’ म्हणत. नातीच्या हट्टाबद्दल आई सहा महिन्यांत एक अक्षर बोलली नव्हती. ओरडली असती तर बरं, असं मला वाटायचं.

साप आणण्याआधी काही आठवडे पेटी रिकामी चालवून बघायची असते. कन्येने दोनशे पानी वही केली आणि दिवसातून चार वेळा आकडे लिहायला लागली. जानेवारीत बाहेर नऊ अंश, निफाडला त्याहून खाली. तिकडे मामेभाऊ द्राक्षं वाचवायला बागेत रात्री शेकोट्या पेटवत होते आणि इकडे आम्ही रिकामी पेटी उबदार ठेवत होतो! वीज गेली की काय, म्हणून हीटर इन्व्हर्टरवर घेतला. हिवाळा पार पडला. मला वाटलं, जिंकलो.

एप्रिलमध्ये खरी अडचण आली. पेटी होती वरच्या मजल्यावर, कन्येच्या खोलीत. हीटर बंद असूनही दुपारी आत सदतीस अंश! पस्तीसच्या वर या सापाच्या जिवाला धोका असतो. ओलावा लागतो साठ टक्क्यांच्या आसपास, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी वीसही भरत नाही. भुगा ओला करून ओलाव्याचं जमलं, उकाड्याचं जमेना. सबंध घरात दुपारी तीस अंशांच्या आत राहणारी एकच खोली. तळमजल्यावरची, उत्तरेकडची. आईची.

हे आईला कोण सांगणार, यावर आम्हा तिघांत दोन दिवस खल झाला. शेवटी कन्येनेच वही नेऊन आजीपुढे ठेवली. आजीने चष्मा लावून पानं उलटली. जानेवारी ते एप्रिल, रोज चार आकडे, एकही दिवस चुकलेला नाही. मग म्हणाली, ‘जमिनीवर नको. टेबलावर ठेव. आणि कुलपाची एक किल्ली माझ्याकडे.’

पेटी खाली आली. मे महिन्यात सापाची चौकशी केली. एका विक्रेत्याने फोटो पाठवले, भाव सांगितला, आणि कागदपत्रांचं विचारलं तर म्हणाला, ‘ते नंतर बघू ताई, कुणी विचारत नाही.’ नवरा थोडा डळमळला, एवढा खर्च झालाच आहे म्हणून. कन्येने फोन ठेवला. तिचं म्हणणं, कुठून आला हे ज्याला सांगता येत नाही तो कदाचित रानातून उचललेला असेल, आणि मग आपल्या पेटीत आणि गारुड्याच्या टोपलीत फरक काय राहिला? मला तिचा अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

कारण प्रश्न अजून आहेत. त्याला खायला उंदीर लागतात, आणि आईच्या गळ्यात माळ आहे. (त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर वर गॅलरीत, असं सध्या ठरलंय.) हा साप नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. कन्या दोन वर्षांत शिकायला बाहेर जाईल. म्हणजे साप माझा. मी पंचेचाळीस वर्षांची आहे. हा हिशोब मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय, आणि हो म्हटलंय, पण विचार करून.

दरम्यान एक गोष्ट घडली. पेटी रोज नजरेसमोर आल्यावर आईने नातीला एकेक विचारायला सुरुवात केली. विषारी कुठले, ओळखायचे कसे. मग नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं आली. या चारांवर आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी लस चालते. एका अभ्यासाच्या अंदाजाने २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यातली. हा आकडा ऐकून आई बराच वेळ गप्प होती. ‘म्हणजे आपलाच नव्हता एकटा,’ एवढंच म्हणाली.

गेल्या आठवड्यात, पेरण्यांच्या आधी, तिने निफाडला भाच्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ‘रात्री पाणी द्यायला जाशील तेव्हा गमबूट घालायचे. बॅटरी हातात, खिशात नाही. काही झालंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, पाय हलवायचा नाही. देवळात नाही जायचं, १०८ ला फोन करायचा. कळलं? परत म्हणून दाखव.’

भाच्याने म्हणून दाखवलं असावं. मग आई म्हणाली, ‘आणि गमबूट दोन जोड घे. गड्यालाही.’