फुकटच्या कामाचा हिशेब

लोक विचारतात, "बीजिंगच्या परिषदेला गेला होतात ना, मग कुणाकुणाची भाषणं ऐकलीत?" मी एकही भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. स्वयंसेवकाच्या वाट्याला भाषणांचे तुकडे येतात. पाण्याच्या बाटल्या पोचवताना एखादं वाक्य कानावर पडतं आणि त्या वाक्यावर टाळ्या होतात तेव्हा आपण पुढच्या तंबूत खुर्च्या लावत असतो. तरीही त्या खुर्च्या लावताना जे मनात शिरलं, ते तीस वर्षांनंतर अजून निघालेलं नाही.

संयुक्त राष्ट्रांची चौथी जागतिक महिला परिषद १९९५ साली ४ ते १५ सप्टेंबर या काळात बीजिंगमध्ये भरली. ती सरकारांची परिषद. आमच्यासारख्यांचा, म्हणजे बिनसरकारी संस्थांचा मेळा ३० ऑगस्टलाच सुरू झाला होता. तो आधी शहरातच व्हायचा होता, पण काही महिने अगोदर चिनी सरकारनं तो पन्नासेक किलोमीटर दूर, हुआयरो नावाच्या गावी हलवला. तिथे शाळांच्या इमारती होत्या, अर्धवट बांधलेले मजले होते आणि मोकळ्या मैदानावर तंबू होते. जगभरातून सुमारे तीस हजार बायका त्या गावात उतरल्या. चर्चासत्रं हजारो. कार्यक्रमांचं पुस्तक हातात धरून पहिले दोन दिवस सगळ्याजणी फक्त "हा तंबू कुठे आहे?" एवढंच एकमेकींना विचारत फिरत होत्या.

मी तेव्हा सुरतेत एका मराठी शाळेत शिकवत होते. आमच्याकडे लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारकडची इतकी माणसं आहेत की तापी लाइनच्या गाडीतून उतरलेल्याला आपण खानदेश सोडला हे लवकर लक्षात येत नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर आणि बाजारात गुजराती, रेशनच्या रांगेत हिंदी. इंग्रजी मी जिद्दीनं शिकले होते. घरी बसून काम करणाऱ्या बायकांसाठी झटणाऱ्या एका गटाला नेमकी अशी चार-पाच भाषांत ये-जा करणारी बाई हवी होती. वर्गणी जमली, पासपोर्ट झाला आणि मी निघाले. 'सुरत' हे नाव तेव्हा परदेशात अनेकांना ठाऊक होतं, पण जरीसाठी किंवा हिऱ्यांसाठी नव्हे. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये, शहरात प्लेग पसरला होता आणि लाखो माणसं गाड्या भरभरून पळाली होती. "सुरत? प्लेग?" असं काळजीनं विचारणाऱ्या बायकांना मी सांगायची, की आता शहर झाडून-पुसून निघतंय. ते खरंही होतं. नवे पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी मे महिन्यात सूत्रं घेतली होती आणि रस्ते पहाटेच्या आत स्वच्छ होऊ लागले होते.

हुआयरोत पाऊस लागला. मैदानाचा चिखल झाला, तंबूंच्या कडांतून पाणी आत यायला लागलं. चाकांच्या खुर्चीवर आलेल्या बायकांचे हाल पाहवत नव्हते. त्यांचे कार्यक्रम पायऱ्या चढून जायच्या जागी ठेवलेले होते. त्यांनी निषेध केला आणि तो योग्यच होता. साऱ्या जगाच्या बायकांना बोलावलं म्हणायचं आणि पायऱ्यांचा विचार करायचा नाही, याला काय म्हणावं! खुर्ची उचलायला चार बाजूंनी चौघी लागत. कधी त्यातली एक चिनी विद्यार्थिनी असे, एक आफ्रिकेची आणि एक मी. नावं विचारायला वेळ नसे. ६ सप्टेंबरला हिलरी क्लिंटन तिथे बोलल्या तो दिवसही पावसाचाच. भाषण एका चित्रपटगृहात होतं, आत जागा थोडी आणि बाहेर छत्र्यांचा समुद्र. मी बाहेर होते. आत काय बोलणं झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझं खरं काम घरकामगार बायकांच्या तंबूत होतं. घरकामगार म्हणजे दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या नव्हे. माल घरी आणून तो पुरा करून देणाऱ्या. बिड्या वळणाऱ्या, उदबत्त्या लाटणाऱ्या, कपड्यांना बटणं लावणाऱ्या. आमच्या सुरतेत हेच काम साड्यांवर चालतं. रिंग रोडच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे गल्ल्यांत येतात आणि बायका त्यांवर टिकल्या-खडे चिकटवतात, लेस लावतात, सुटे धागे कापतात. नगावर पैसे.

एके दुपारी थायलंडहून आलेल्या एका बाईनं आमच्या गटातल्या गुजराती मावशींना विचारलं, "तुम्ही दिवसाला किती तास काम करता?" मी प्रश्न गुजरातीत सांगितला. मावशी विचारात पडल्या. म्हणाल्या, "तास कसे सांगू? मधे मधे करते." मी विचारलं, मधे म्हणजे कशाच्या मधे? त्या सांगायला लागल्या. डाळ शिजते तोवर, पोरगं झोपतं तोवर, नळाला पाणी येईपर्यंत, सासूला दवाखान्यातून आणल्यावर, रात्री सगळ्यांचं जेवण आटपल्यावर. मी हे इंग्रजीत सांगत होते आणि थाई बाईसाठी तिची सोबतीण पुढे सांगत होती. सांगून संपायच्या आत ती बाई मान हलवायला लागली. तिचंही मधे मधेच होतं. त्या दोघींना मग माझी गरज उरली नाही. हातांनी दाखवून त्यांनी एकमेकींना आपापली कामं सांगितली आणि मी बाजूला उभी राहून पाहत राहिले.

त्या क्षणी माझ्या गळ्यात बिल्ला लटकत होता. त्यावर माझं नाव होतं, फोटो होता. मला कुणी पैसे देत नव्हतं, पण माझ्या कामाला नाव होतं, वेळ ठरलेली होती, संध्याकाळी "आज फार मदत झाली हं" म्हणणारं कुणीतरी होतं. शिवाय ते काम मी निवडलेलं होतं. नको वाटलं असतं तर मी नकार देऊ शकले असते. मावशींच्या डाळीला, पोराला आणि सासूच्या दवाखान्याला यांतलं काहीही नव्हतं. आणि मी परदेशात मानानं फुकट राबत होते तेव्हा सुरतेत माझ्या घरचं कोण करत होतं? मोठ्या जाऊबाई. माझ्या दोन्ही मुलांचे डबे, धाकट्याचा ताप, पाहुणेरावळे, सारं त्यांनी केलं. जाताना त्यांनीच माझ्या पिशवीत चटणी आणि कळण्याचं पीठ घातलं होतं. माझ्या स्वयंसेवेचे तास त्यांच्या तासांवर उभे होते. त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या बाईनं करायचं असतं म्हणून त्या करत होत्या, आणि प्रेमानं करत होत्या. प्रेम होतं म्हणून ते काम नव्हतं असं मात्र मला म्हणता येत नाही.

हा विचार मी पहिल्यांदा केला असं कुणी समजू नये. मायदेशी आल्यावर मी वाचत गेले तसं लक्षात आलं, की आपल्याकडे हे बोलणं किती आधी सुरू झालं होतं. सुरतेच्या मातीशी नातं सांगणाऱ्या दोन बायका मला या वाटेवर भेटतात. एक हंसाबेन मेहता. गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिणारे सुरतेचे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. विशीतल्या हंसाबेन सरोजिनी नायडूंबरोबर १९२० साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला गेल्या. पुढे त्या संविधान सभेत बसल्या, बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. १९९५च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आम्ही हुआयरोला पोचायच्या अवघे काही महिने आधी. दुसऱ्या इलाबेन भट. त्यांचं बालपण आणि शिक्षण सुरतेत झालं, सार्वजनिक गर्ल्स हायस्कूलमध्ये आणि एम. टी. बी. कॉलेजात. १९७५ साली मेक्सिकोच्या पहिल्या जागतिक परिषदेत त्यांची घानाच्या एस्थर ओक्लूंशी गाठ पडली. गरीब बाईला बँक कर्ज का देत नाही, हा दोघींचा एकच प्रश्न होता आणि त्या गाठीतून १९७९ मध्ये 'विमेन्स वर्ल्ड बँकिंग' उभी राहिली. परिषदांवर पैसा वाया जातो म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

तिसरं नाव मराठी आहे आणि ते आपण जवळपास विसरलो आहोत: राणी लक्ष्मीबाई राजवाडे. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, तेव्हा १९३९ साली तिच्या महिलाविषयक उपसमितीच्या अध्यक्ष त्या होत्या आणि मृदुला साराभाई सचिव. घरात बाई जे राबते त्याला आर्थिक मोल आहे, ते मानलं पाहिजे आणि नवऱ्याच्या मिळकतीत तिचा हक्काचा वाटा हवा, हे त्या उपसमितीच्या अहवालानं मांडलं. स्वातंत्र्य अजून दूर होतं. तो अहवाल पुढे छापला गेला आणि कपाटात राहिला. याची मला मनापासून चीड येते. हुआयरोच्या तंबूत ज्या गोष्टीवर आम्ही घसा कोरडा करत होतो, ती आपल्याच देशात अर्धशतकापूर्वी लिहून ठेवलेली होती.

बीजिंगच्या कृती आराखड्यात मात्र एक गोष्ट पक्की झाली. बायकांचं बिनमोबदल्याचं काम आकडेवारीत आणा, असं सरकारांनी मान्य केलं. आपल्याकडे जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी झाली आणि त्यात गुजरात होतं. माणूस चोवीस तास काय काय करतो, एका वेळी दोन कामं करतो का, तेही त्यात टिपलं गेलं. मावशींचं 'मधे मधे' पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं असेल ते तिथे. पूर्ण देशाची पाहणी व्हायला २०१९ उजाडलं. त्यात दिसलं, की घरातलं बिनमोबदल्याचं काम रोज करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६; आणि जे करतात त्यांच्यातही बायकांची सरासरी दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. घरी बसून माल पुरा करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारतानं त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही आणि माझ्या मते त्याला कसलंही समर्थन नाही.

मी निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या साड्यांचं काम करणाऱ्या बायकांबरोबर दुपारी बसते. सुरुवातीला त्या म्हणायच्या, "बाई, लिहायला वेळ कुठाय?" आता बऱ्याचजणी वही ठेवतात. तारीख, किती साड्या आल्या, काय भाव ठरला, डिंक आणि दोरा कुणाच्या पैशाचा, माल परत कधी गेला, पैसे कधी आले. एकीनं आपल्या मनानं आणखी एक रकाना पाडला आणि त्यात ती किती वाजता बसली आणि किती वाजता उठली ते लिहायला लागली. दिवसात पाच-सहा वेळा बसणं, पाच-सहा वेळा उठणं. महिन्याच्या शेवटी तिनं बेरीज केली, नगांचे पैसे त्या तासांनी भागले आणि ती वही घेऊन माल देणाऱ्याकडे गेली. त्यानं भाव थोडा वाढवला. फार नाही. पण पुढच्या आठवड्यात शेजारच्या चौघीजणी माझ्याकडे पट्टी मागायला आल्या, रकाने आखायला.